सदऱ्याच्या आत

(तृतीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गातील हौशी मंडळींनी नेहमीचे विषय आपापसांत वाटून घेतले. कुणी 'आजचा तरुण आणि बेकारी' घेतला, कुणी मोबाईलचे दुष्परिणाम, तर कुणी संतवाङ्मयातील सामाजिक आशय. मी संपादक मंडळातील सरांना माझा विषय 'बनियन' असा सांगितला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "विनोदी आहे का?" मी म्हणालो, "नाही सर, गंभीर आहे." यावर मात्र खोलीतील सगळेच हसले.

त्या हसण्यापासूनच सुरुवात करतो. धोतरावर लिहिलेले चालते, टोपीवर चालते, पागोट्यावर तर प्रबंध होतात. पण जे वस्त्र उन्हाळ्याचे चार महिने, दिवसाचे बारा-चौदा तास आपल्या कातडीला चिकटलेले असते, त्याचे नाव काढले की हसू येते. पोलिसांनी दरोडेखोरांच्या एका प्रकाराला 'चड्डी-बनियन टोळी' असे नाव दिले, तेवढीच काय ती या बिचारीला वर्तमानपत्रात जागा मिळाली. व्याकरणातही तिची आबाळच आहे. आमच्या वसतिगृहात 'तो बनियन', 'ती बनियन' आणि 'ते बनियन' असे तिन्ही लिंगी प्रयोग रोज ऐकू येतात आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनाही त्यात काही खटकत नाही. मी आपली 'ती' म्हणणार आहे, कारण आमच्या घरी तसेच म्हणतात.

शब्दाचा इतिहास मात्र ऐटबाज आहे. गुजराती वाण्यांना पोर्तुगीज 'बनियन' म्हणत. पुढे साहेबलोक घरात एक सैल झगा घालू लागले, त्याला ते नाव पडले आणि फिरत फिरत ते आपल्या आतल्या कपड्यावर येऊन बसले. आमच्या आजोबांच्या पिढीत 'गंजीफ्राक' म्हणत. हा शब्द मला लहानपणी गंजिफा या खेळाशी संबंधित वाटे. वस्तुतः तो इंग्लिश खाडीतील गर्नसी नावाच्या बेटावरून आला. तेथील खलाशी विणलेला लोकरी अंगरखा घालीत, तो गर्नसी फ्रॉक. त्याचा आपण गंजीफ्राक केला. म्हणजे थंड समुद्रावरच्या खलाशाचे लोकरी वस्त्र, आणि ते आपण वैशाखात घालतो! 'सँडो' हे तर एका माणसाचेच नाव. युजेन सँडो (१८६७ ते १९२५) हा प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेला. दंड उघडे टाकणाऱ्या बिनबाह्यांच्या बनियनला आपण त्याचे नाव दिले. ज्यांचे दंड दाखवण्यासारखे नाहीत, ते आम्हीही सँडोच घालतो, ही गोष्ट वेगळी.

हे सारे परकीय पाहुणे येण्यापूर्वी आपल्याकडे अंगालगत काही नव्हते असे मात्र नाही. माझे आजोबा यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शिंप्याचे काम करीत. कोपऱ्या आणि बंड्या हे त्यांचे मुख्य गिऱ्हाईक. बंडी ही मांजरपाटाची किंवा खादीची, म्हणजे हातमागावर अगर यंत्रमागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेल्या कापडाची. असे कापड ताणत नाही. त्यामुळे ती सैलच शिवावी लागे. बगलेखाली आजोबा एक चौकोनी तुकडा जोडीत, त्याला ते चौबगला म्हणत. हात वर केला की बंडी वर ओढली जात नसे आणि बगलेत हवा खेळे. पुढे दोन खिसे आणि आत एक चोरखिसा. सरकी विकून आलेले पैसे, तंबाखूची डबी आणि सोसायटीची पावती, सगळे त्यात मावे. शेतकरी तीच बंडी आत घाली, तीच बाहेर घाली. आत आणि बाहेर हा भेदच त्या वस्त्राला ठाऊक नव्हता.

पुढे होजिअरीचा माल आला. होजिअरी म्हणजे खरे तर पायमोजे. १५८९ साली विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणायचे यंत्र केले. एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकवीत जाणारे ते विणकाम. त्यात ताण असतो, म्हणून ते अंगासरशी बसते. हिंदुस्थानात या धंद्याचा पहिला कारखाना १८९३ साली कलकत्त्याच्या खिदिरपूर भागात निघाला. आज तमिळनाडूतील तिरुप्पूर हे गाव बनियनचे माहेरघर मानले जाते. गोल यंत्रावर कापडाची अखंड नळीच तयार होते. मापाप्रमाणे तुकडे कापून त्यांना गळा आणि बाह्या केल्या की झाले. आजोबांच्या एका बंडीला अर्धा दिवस लागे. त्या नळीपुढे त्यांचा टिकाव लागणे शक्यच नव्हते. ते मशीन विकायला निघाले तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. आजी सांगे, की गिऱ्हाइकाने आणलेल्या तयार बनियनला उलटी-सुलटी करून ते बराच वेळ पाहत बसले आणि शेवटी एवढेच म्हणाले, "याले बगलच नाही."

मला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते. सँडोला खरोखरच बगल नाही. घाम सर्वांत जास्त जेथे येतो आणि जेथून सदऱ्यावर पिवळे डाग चढतात, तेथे ती उघडी. म्हणजे बनियनने जे काम करायचे, नेमके तेच ती करीत नाही. आखूड बाह्यांची बनियन हे काम करते. पण ती म्हाताऱ्यांची समजली जाते. आमच्या मजल्यावरील चाळीस मुलांत बाह्यांची बनियन घालणारे मी धरून तिघे आहोत.

आता मुद्द्याकडे येतो. बनियन उन्हाळ्यात घालावी का, आणि घातली तर कोणती?

प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर गावागणिक बदलते. आमच्याकडे वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कधी त्याच्याही वर. माणसाच्या कातडीचे तापमान साधारण ३४ ते ३५ अंश. म्हणजे दुपारी बाराला अंगावरून जाणारा वारा अंग थंड करीत नाही, तापवतो. अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. जो घाम निथळून जमिनीवर पडला, तो वाया गेला. त्याने पाणी नेले, उष्णता नेली नाही. हे भूगोलाच्या सरांनी आम्हाला माठाच्या उदाहरणाने समजावले होते. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, बाहेर वाळते, म्हणून आतले गार होते. घराघरांतील कूलरची ताटी हेच करते. ओल्या गवतातून कोरडी हवा गेली की ती गार होऊन येते.

मग सुती बनियन म्हणजे अंगावरची ताटीच नव्हे काय? कापसाचा धागा पाणी पितो. नेहमीच्या हवेतही त्याच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा त्यात असतो. पॉलिएस्टरमध्ये अवघा ०.४ टक्का. सुती बनियन घाम निथळू देत नाही, धरून ठेवते, पसरवते, आणि आमची कोरडी हवा तो भराभरा वाळवते. आमच्या मुलखात पातळ, सैल, सुती बनियन ही चैन नाही, हत्यार आहे.

पण हेच मी आमच्या खोलीतील रत्नागिरीच्या मित्राला ऐकवले, तेव्हा तो म्हणाला, "तुझी ताटी आमच्याकडे आण आणि बघ." त्याचे खरे आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात पारा ३३-३४ च्या वर फारसा जात नाही. पण हवाच पाण्याने भरलेली असते. तेथे घाम वाळायला जागाच नाही. जाड सुती बनियन सकाळी नऊला ओली होते आणि संध्याकाळी सहापर्यंत ओलीच राहते. दमट हवेत एकावर एक दोन कपडे हा अंगावरचा अन्याय आहे. तेथे सदरा सुती आणि सैल असेल, तर बनियन सरळ वगळावी; घालायचीच तर जाळीची घालावी. जाळीच्या बनियनची गंमत अशी, की १९३३ साली नॉर्वेच्या हेन्रिक ब्रुन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मासे धरायच्या जाळ्यापासून ती केली ती थंडीसाठी. वरून दुसरा कपडा घट्ट घातला, की भोकांत हवा अडकून ऊब राहते. तीच जाळी वरचा कपडा सैल ठेवला की घाम वाळू देते. म्हणजे गुण एकट्या बनियनचा नाही. वर काय घालतो त्याच्या जोडीने तो ठरतो.

येथे मला एक जरा बोचरी गोष्ट म्हणायची आहे. आपण बनियन घालतो ती अंगासाठी नव्हे, बहुधा सदऱ्यासाठी घालतो. सदरा पातळ आहे, आतले दिसते, म्हणून बनियन. सदऱ्याला घामाचे डाग पडतात, म्हणून बनियन. सदरा महाग, बनियन स्वस्त, म्हणून बनियन. टेरिलीन आणि टेरिकॉट आल्यापासून तर हे फारच वाढले. इस्त्री मोडत नाही, लवकर वाळते, रंग जात नाही. एवढे गुण सांगितले जातात. घाम पीत नाही, हे कुणी सांगत नाही. मग त्या न पिणाऱ्या कापडाखाली पिणारी बनियन घालून समेट करायचा. आमच्या महाविद्यालयाच्या गणवेशाचे कापडही याच जातीचे आहे. गणवेशाला माझा विरोध नाही. गरीब-श्रीमंत भेद त्यामुळे झाकला जातो, हे मला मान्य आहे आणि त्याचा लाभ मी स्वतः घेतला आहे. पण परीक्षा एप्रिलमध्ये घ्यायच्या, पत्र्याच्या छपराखाली घ्यायच्या आणि गणवेश मात्र पॉलिएस्टरचा, हे गणित माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही जमत नाही.

निवडीबद्दल थोडे. दुकानात गेल्यावर बहुतेकजण "नव्वदची सँडो द्या" म्हणतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. हा ८०, ८५, ९०, ९५ आकडा म्हणजे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये; तो बापाला विचारून पाठ केलेला असतो, मोजलेला नसतो. एकदा टेप लावून पाहावे. उन्हाळ्यासाठी मोजून येईल त्याच्या पुढचा आकडा घ्यावा, कारण सुती विणकाम पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटते, विशेषतः लांबीला. कंबरेच्या खाली चांगली चार बोटे उतरणारी घ्यावी. आखूड बनियन पँटमधून निघून पोटावर वळकटी होते आणि दिवसभर तिला खाली ओढत बसावे लागते. पाकिटावर 'आर.एन.' असेल तर गोल गळा बिनबाह्यांची, 'आर.एन.एस.' असेल तर बाह्यांची. हात घालून कापड उजेडासमोर धरावे. सूत जितके बारीक, तितका त्याचा नंबर मोठा. चाळीस नंबरचे सूत तीसपेक्षा बारीक. 'कोम्ब्ड' लिहिलेले असेल तर आखूड तंतू विंचरून काढून टाकलेले असतात, म्हणून ती मऊ असते आणि तिच्यावर गोळे कमी धरतात. मानेला टोचणारी चिठ्ठी शिवण्याऐवजी छापलेली असेल, तर उत्तमच. माझ्या मानेवर त्या चिठ्ठीने केलेला कायमचा लाल पट्टा आहे.

हल्ली नवीन जाती पुष्कळ निघाल्या आहेत. बीच नावाच्या झाडाच्या लाकडापासून केलेले मोडाल; ते खरोखर मऊ असते आणि ओलावाही पिते. 'बांबूची बनियन' ही मात्र थोडी फसवी. बांबूचा लगदा रसायनात विरघळवून काढलेला तो बहुतेक वेळा व्हिस्कोस रेयॉनच असतो. वाईट नसतो, पण बांबूच्या बनात फिरून आल्याचा जो भाव पाकिटावर छापलेला असतो आणि किमतीत लावलेला असतो, तेवढा बांबू त्यात शिल्लक नसतो. खेळाच्या मैदानावरील लवकर वाळणाऱ्या पॉलिएस्टरच्या बनियनला माझा आक्षेप नाही. कबड्डीचा सामना अर्धा-पाऊण तास चालतो. त्यानंतर ती काढून धुवायची असते. तीच घालून दिवसभर तासांना बसले, की तिचा वास येऊ लागतो. पॉलिएस्टरमध्ये घामाचा वास सुतापेक्षा अधिक टिकतो, हे शास्त्रज्ञांनीही पाहिले आहे आणि शेजारच्या बाकावरच्या विद्यार्थ्यांनीही.

रंगाविषयी एक भ्रम सार्वत्रिक आहे. पांढऱ्या सदऱ्याखाली पांढरी बनियन दिसत नाही, असे आपण समजतो. प्रत्यक्षात पांढऱ्याचीच रेघ पाठीवर स्पष्ट उमटते. कातडीच्या जवळचा किंवा फिका राखाडी रंग घेतला, तर मागून पाहणाऱ्याला काही कळत नाही. हे मी प्राध्यापकवर्गालाही नम्रपणे सुचवू इच्छितो. फळ्यावर लिहिताना आपली पाठ आमच्याकडे असते.

असो. इथपर्यंत लेख हलकाफुलका झाला. आता ज्याच्यासाठी तो लिहायला घेतला, ते सांगतो.

गेल्या वर्षी माझ्या खोलीतील एक सोबती (त्याचे नाव मी देणार नाही, हा लेख छापायला त्याची परवानगी घेतली आहे) मार्चपासून अंगाला सारखा खाजवू लागला. आम्ही थट्टा केली. तो रात्री दिवा मालवल्यावर कपडे बदलू लागला. जाहिरातीत एक नट गुंडांना बदडतो, सदरा फाटतो आणि आतली काळी घट्ट बनियन दिसते. तशीच दोन त्याने घेतली होती. घट्ट, नायलॉनमिश्रित, अंगाला साल बसावी तशी बसणारी. दोनच असल्यामुळे एक अंगावर, एक दोरीवर. दोरी खोलीत, कारण वसतिगृहाच्या गच्चीला कुलूप असते. खोलीतील दमट हवेत ती सकाळपर्यंत वाळत नसे. तो तशीच ओलसर चढवून तासाला येई. कंबरेला, बगलेत, पाठीवर गोल लाल चट्टे उठले. तो गजकर्ण होता.

तो डॉक्टरकडे गेला नाही. औषधाच्या दुकानातून एक मलम आणले. दोन दिवसांत खाज थांबली, तेव्हा त्याला वाटले बरे झाले. पंधरा दिवसांत चट्टे दुप्पट झाले. पुन्हा तेच मलम. असे त्याने अडीच महिने काढले. परीक्षेचे दोन पेपर त्याने जवळजवळ उभ्याने लिहिले, कारण बसले की पाठ बाकाला लागे. शेवटी मीच त्याला ओढून सरकारी दवाखान्यातील त्वचारोग विभागात नेले. तेथील बाईंनी मलमाची ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉईड होते. स्टेरॉईडने सूज आणि खाज दबते. पण बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. अशी मिश्रणे बिनचिठ्ठीची घेतल्यामुळे आज देशभर साधा गजकर्ण चिवट झाला आहे, असे त्या म्हणाल्या. गोळ्या सुरू केल्या आणि बजावले, की चट्टे दिसेनासे झाले तरी सांगितलेली मुदत पुरी करायची. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याची आम्हा दोघांनाही अपेक्षा नव्हती. "बनियन किती आहेत? आणि वाळत कुठे घालतोस?"

किती साधा प्रश्न! पण अडीच महिन्यांत आम्हा चौघा खोलीवाल्यांपैकी कुणालाही तो सुचला नव्हता. आम्ही एकमेकांना टीपा दिल्या, पैसे उसने दिले, वेळप्रसंगी टॉवेलही दिला (तो द्यायचा नव्हता, हे नंतर कळले, गजकर्ण टॉवेलातूनही जातो). पण आतल्या कपड्याबद्दल बोलायचे नाही, हा आमच्यातला अलिखित नियम. तो नियम कुठून आला याचा मी बराच विचार केला आणि मला आमच्या घरातले एक वाक्य आठवले.

माझे वडील जिनिंगमध्ये कामाला आहेत. हंगामात त्यांच्या अंगावर, भुवयांवर, कानांत रुईचे तंतू असतात. दिवसभर ते कापसाच्या गंजीत उभे असतात आणि अंगावरच्या बनियनला मात्र इतकी भोके, की ती घालताना डोके कुठून काढायचे असा प्रश्न पडावा. आई नवीन घ्या म्हणाली, की त्यांचे उत्तर ठरलेले. "आतलं कोन पायते?"

बापाची फाटकी बनियन हा आता त्यागाच्या कवितांचा आणि मोबाईलवरच्या निरोपांचा लाडका विषय झाला आहे. ते वाचून आपले डोळे ओले होतात आणि आपण तो निरोप पुढे पाठवतो; नवी बनियन मात्र पाठवत नाही. मला त्या फाटक्या बनियनचे कौतुक करवत नाही. तो त्याग असेल, पण त्यात 'जे दिसत नाही त्याला किंमत नाही' हा हिशेबही आहे, आणि तोच हिशेब वडिलांकडून माझ्या मित्राकडे, माझ्याकडे आला आहे. आम्ही बूट चांगले घेतो, पट्टा घेतो, मोबाईल हप्त्यावर घेतो. जे कातडीला लागते, ते मात्र सर्वांत स्वस्त, सर्वांत थोडे आणि फाटेपर्यंत.

गेल्या दिवाळीत शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी वडिलांसाठी चार सुती, बाह्यांच्या बनियन घेतल्या. त्यांनी हात फिरवून पाहिल्या, "मस्त हाये" म्हणाले आणि ट्रंकेत ठेवून दिल्या. कशासाठी, तर लग्नकार्यासाठी! नव्या बनियनसुद्धा राखून ठेवायच्या. शेवटी आईने युक्ती केली. त्यांच्या तिन्ही जुन्या बनियन फाडून एकीचे फरशी पुसायचे फडके केले, एकीचे गॅसची शेगडी पुसायला घेतले आणि तिसरी शेजारच्या काकांना सायकल पुसायला देऊन टाकली. सकाळी वडिलांना दुसरा मार्गच उरला नाही. त्या दिवशी ते जिनिंगमधून आले आणि म्हणाले, "पाठीले लागत नाही राजा काही." इतकेच.

आईचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा लेख अर्धा राहील. उन्हाळ्यात घरातील पुरुष बाहेरून आला, की सदरा खुंटीला टांगतो आणि बनियनवर ओसरीत, कूलरपुढे बसतो. दारावर पोस्टमन आला तरी तो तसाच उठून जातो. त्याच वेळी आई स्वयंपाकघरात असते. शेगडी पेटलेली, खिडकी एक, अंगावर परकर, ब्लाउज, पाच वार साडी आणि पाहुणे असले तर डोक्यावर पदर. घरातील सर्वांत तापलेली जागा तिची आणि सर्वांत जास्त कापडही तिच्याच अंगावर. वसतिगृहाच्या सज्जात आम्ही मुले बनियनवर पेपर वाचत बसतो. मुलींच्या वसतिगृहाच्या सज्जाला पडदे आहेत. आमच्या वर्गातील एका मुलीला मी या लेखाचा विषय सांगितला. ती म्हणाली, "तुम्हाला निवड करता येते म्हणून तुम्ही लेख लिहिता." मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही.

आमच्या मुलखाच्या दृष्टीने यात आणखी एक विपर्यास आहे. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला जगात भाव आला. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली ती याच कापसाच्या भरवशावर. ती मिल आज बंद आहे. इथला कापूस गाठी बांधून बाहेर जातो, दक्षिणेत त्याचे सूत होते, तिरुप्पूरसारख्या गावी त्याची बनियन होते आणि मग ती आमच्याच बाजारपेठेत पाकिटातून येते. त्यात वावगे काही नाही. धंदा जिथे जमतो तिथे जातो. पण येताना तिच्या शेजारच्या खणात पॉलिएस्टरची येते, आणि कापूस पिकवणाऱ्याचा मुलगा ती चमकदार म्हणून उचलतो. माझा मित्र शेतकऱ्याचाच मुलगा आहे. त्याच्या घरी सात एकर कापूस आहे.

तो आता बरा आहे. त्याच्याकडे पाच बनियन आहेत, सगळ्या सुती, सगळ्या एक माप मोठ्या. तो त्या उलट्या करून गरम पाण्यात धुतो आणि जमल्यास इस्त्रीही फिरवतो. यात खर्च किती झाला, तर एका वाढदिवसाच्या पार्टीत त्याच्या वाट्याला आला असता त्याहून कमी. फक्त वाळत घालण्याचा प्रश्न सुटलेला नाही.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने वसतिगृहाच्या व्यवस्थापनाकडे माझी एक विनंती आहे. गच्चीला कुलूप का लावले, हे आम्हाला ठाऊक आहे; सुरक्षिततेचे कारण खोटे नाही. पण सकाळी सात ते संध्याकाळी पाच, पहारेकऱ्याच्या देखरेखीखाली ती उघडी ठेवता येईल. मजल्यामागे दोन तारा पुरेत. आमच्याकडे मार्च ते जून जे ऊन पडते, त्याची आपण एरवी नुसती तक्रार करतो. कपड्यांतील बुरशीवर त्याच्याइतके स्वस्त औषध दुसरे नाही. आणि गणवेशाच्या कापडाचा पुढच्या वर्षी पुन्हा विचार होणार असेल, तर त्या समितीत निदान एक विद्यार्थी असावा, आणि शक्यतो एक विद्यार्थिनी. अर्ज आम्ही स्वतंत्रपणे दिलेला आहे. त्यावर बावन्न सह्या आहेत. सही करताना पुष्कळजण हसले, पण सही केली.

हे लिहीत असताना माझ्या डोक्यावर, खिडकीपासून दारापर्यंत बांधलेल्या दोरीवर, नऊ बनियन लोंबत आहेत. त्यांतील सहा कालपासून ओल्या आहेत.